ड्राय स्टार्टमध्ये मोन्टे कार्लोवर बुरशी : पाणी आत्ताच भरू की थांबू?

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

४५ × ३० × ३० सेंमीच्या माशांच्या टँकमध्ये मोन्टे कार्लोचा, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या एका बारीक पानांच्या पाणवनस्पतीचा, गालिचा करतेय. मागच्या खेपेला थेट पाण्यात लावलं होतं. रोज सकाळी दहा-बारा काड्या सुटून वर तरंगत असायच्या, त्या चिमट्याने परत खोचायच्या. महिनाभराने उरल्या त्यांच्यावर केसांसारखं शेवाळ चढलं. म्हणून या वेळी ड्राय स्टार्ट, म्हणजे पाणी न भरता आधी नुसत्या ओल्या मातीत झाडं वाढवायची. पाण्याबाहेर पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो आणि मुळं धरेपर्यंत काड्या जागेवर राहतात, हे मनापासून पटलं होतं.

अ‍ॅक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठीची दाणेदार खतयुक्त माती) पुढे ३ सेंमी, मागे ७ सेंमी असं उताराचं घातलंय. टिश्यू कल्चरचा (प्रयोगशाळेत जेलमध्ये वाढवलेल्या रोपांचा) कप आणला, मुळांवरचं जेल धुतलं, नखाएवढे पुंजके करून दोन-दोन सेंमीवर लावले. वरून क्लिंग फिल्म ताणली. दिवा १० तास, स्प्रे सकाळ-संध्याकाळ.

आज २४वा दिवस. मधला पट्टा बघून फार बरं वाटतं. धुमारे जमिनीला चिकटून पळताहेत, पुंजके एकमेकांना भिडलेत, बाजूच्या काचेतून पांढरी मुळं खाली उतरलेली दिसतात. पण पुढच्या काचेजवळ पानं आधी पिवळी पडतात, मग पारदर्शक होऊन विरघळतात. बोट लावलं की काडी बुडातून सुटून हातात येते. आणि मागच्या कोपऱ्यात लाकडाच्या बुडाशी कोळिष्टकासारखे पांढरे तंतू आलेत. परवा फक्त लाकडावर होते, आज तीन पुंजक्यांवर पसरलेत. फिल्म उचलली की कुबट वास येतो.

एका मित्राचं म्हणणं, पाणी भरून टाक, बुरशी आपोआप मरेल. पण मग मागच्यासारखं सगळं वर तरंगायला लागलं तर? चोवीस दिवस रोज जपलंय, असं घालवायचं नाहीये. बुरशी नेमकी कशाने आली असेल आणि पाणी कधी भरू?

प्रतिसाद

पाण्याखाली ही बुरशी मरते हे खरं, पण तेवढ्यासाठी आत्ता भरू नका. मोन्टे कार्लोला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

दोन्ही दुखण्यांचं मूळ मला जास्तीच्या पाण्यात दिसतं. उतारामुळे स्प्रेचं पाणी पुढे जमतं. काचेतून बाजूने बघा, पुढे पाण्याची रेघ मातीच्या वर असणार. ती मातीच्या पृष्ठभागाच्या जरा खालीच हवी. इंजेक्शनच्या सिरिंजला एअर पंपाची नळी लावून जादा पाणी ओढून काढा. काचेवर दव असेल त्या दिवशी स्प्रे करूच नका.

मागे हवा कोंडली आहे आणि कुजणारं लाकूड-पान बुरशीचं खाद्य आहे. बाधित पुंजके कात्रीने कापून मुळासकट बाहेर काढा, चाचपत बसू नका. लाकडावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब ड्रॉपरने टाका, झाडांवर उडू देऊ नका. फिल्म रोज १०-१५ मिनिटं पूर्ण उघडा. या एका सवयीने बुरशी बहुतेकदा आटोक्यात येते.

पाणी कधी, हे कॅलेंडरला विचारू नका. चिमट्याने पुंजका हलकेच ओढा. मातीसकट घट्ट राहिला तर तयार. भरताना प्लास्टिकच्या पिशवीवरून हळूहळू ओता, आणि कार्बन डायऑक्साइड पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा, ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगाने दाखवणारी काचेची कुपी) हिरवा राहील इतका. हवेतली जुनी पानं थोडी विरघळतील, त्याने घाबरू नका. पाण्यातली नवी पानं येतात. पहिला आठवडा रोज अर्धं पाणी बदला. अ‍ॅक्वासॉइल अमोनिया सोडतं, तेव्हा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे नकोत.

पुन्हा मी

खरंच, पुढे मातीच्या वर बोटभर पाणी होतं! सगळं ओढून काढलं, तिन्ही पुंजके कापले. आठ दिवस झाले, कुबट वास गेलाय, पुढे दोन काड्यांना नवी हिरवी टोकं आलीत. मधला पुंजका ओढून पाहिला, हलत नाही. मागचे मात्र अजून सैल आहेत, म्हणून थांबतेय. लाकडावर तंतू परत दिसले तर लाकूडच काढून उकळून घेऊ का? मधल्या मुळांना धक्का लागेल याचीच भीती वाटते.