सीएनसीचं जडावकाम : लाकूड की नुसता रंग?

उभी रेष

बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो. हौशी सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) केलेलं जडावकाम, म्हणजे एका लाकडात दुसऱ्या लाकडाचं चित्र बसवणं, गेल्या काही वर्षांत भरपूर पाहिलं. सांधे बघावेत तर नख अडकत नाही. पण दहातल्या नऊ कामांपुढे उभं राहिलं की वाटतं, हेच प्लायवर दोन रंग मारून केलं असतं तर काय बिघडलं असतं?

'मशीनने केलं म्हणजे कला नाही' हा शिळा वाद कृपया इथे उकरू नका. माझी तक्रार लाकडाच्या रेषांची (तंतूंची) आहे. तुम्ही गडद फळीत खळगा कोरता, फिकट लाकडाची एक फळी घेता, चित्र आरशात उलटवून त्यावर प्लग (खळग्यात बसणारा तुकडा) कापता, डिंक लावून दाबता, वरचं लाकूड करवतीने उडवता. झालं. आता चित्रात घोडा असेल तर त्याची आयाळ, पोट, पाय, शेपूट, सगळ्यांचे रेषे डावीकडून उजवीकडे. का? तर फळी तशी ठेवली होती म्हणून!

वीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) हाताने कापणारा प्रत्येक तुकड्यासाठी लाकूड फिरवून बघतो. मानेचे रेषे मानेसारखे वळायला हवेत, खुराचे उभे. एखाद्या तुकड्याची कड गरम वाळूत धरून भाजतो, तेवढ्याने गोलाई येते. इटलीतल्या गुब्बिओच्या राजवाड्यातली जडावाची अभ्यासिका (साधारण १४७८ ते १४८२ मधली, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे) फोटोतच पाहिली आहे मी. सपाट भिंतीवर अर्धवट उघडी जाळीची कपाटं, आत पुस्तकं, वाद्यं, त्यांच्या सावल्या, आणि हे सगळं लाकडाच्या छटांमधून. सॉफ्टवेअरने आपल्याला सांधा दिला आणि त्या बदल्यात ही नजर काढून घेतली, असं माझं मत आहे. खोडून काढा.

झेडशून्य

असहमत, आणि सविस्तर असहमत.

तुम्ही सांगताय तो दोष फळी लावणाऱ्याचा आहे. सगळे प्लग एकाच फळीतून, एकाच दिशेने कापा असं कुठलंही सॉफ्टवेअर म्हणत नाही. प्रत्येक बंद आकृती वेगळी उचलता येते, हव्या त्या अंशात फिरवून हव्या त्या तुकड्यावर ठेवता येते. लोक करत नाहीत, तर लोकांना बोला.

आणि 'सॉफ्टवेअरने सांधा दिला' हे वाक्य कुणी म्हटलं की मला हसू येतं. साध्या सरळ बिटने (मशीनच्या फिरत्या पात्याने) जडाव करून बघा एकदा. ३ मिमीचं बिट आतल्या कोपऱ्यात दीड मिमीची गोलाई सोडणारच, मग प्लगचा कोपराही तेवढाच गोल करा, नाहीतर पटाशी घेऊन बसा. त्यात बिट जरा झिजलेलं असेल, बेल्ट सैल असेल, की प्लग एकतर आत जात नाही किंवा आत खुळखुळतो. मी एका डब्याच्या झाकणासाठी सात प्लग फेकलेत. ऑफसेट (प्लग आणि खळग्यात सोडलेली फट, मिमीमध्ये) ०.१० केला तर ढिला, ०.०५ केला तर हातोडी. शेवटी बसला तो ०.०७ ला. दुसऱ्या दिवशी वेगळं लाकूड घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून.

व्ही-बिटने (टोकाकडे निमुळत्या बिटने) हा त्रास का कमी होतो तेही सांगतो, कारण तिथेच लोकांना जादू वाटते. खळग्याच्या भिंती उतरत्या असतात, प्लग पाचरीसारखा असतो. समजा ६० अंशांचं बिट आहे आणि झेडचा शून्य (जिथून खोली मोजतात ती पातळी) तुम्ही ०.१ मिमी खाली धरलात. खळगा जवळपास ०.१२ मिमी जास्त रुंद होतो. सरळ भिंतीच्या कामात याची फट दिसली असती. इथे प्लग मुकाट्याने ०.१ मिमी आणखी खाली बसतो. चूक खोलीत जिरते. बास, एवढंच रहस्य. हे समजून घेऊन आकडे भरणं म्हणजे कसब नाही का?

भुशातला

धागाकर्ते, तुमचा घोडा दाखवा आधी.

उभी रेष

@भुशातला, माझा घोडा गाढवासारखा दिसतो. म्हणून गप्प बसायचं?

@झेडशून्य, 'करता येतं पण लोक करत नाहीत', हेच तर मी म्हणतोय. जे करायला माऊसची एक जास्तीची क्लिक लागते ते नव्वद टक्के माणसं करत नाहीत. हाताने कापताना तुकडा हातातच असतो, तो फिरवून बघणं आपोआप होतं. स्क्रीनवर आकृतीला रेषे नसतात. राखाडी भरलेला आकार असतो. जे दिसत नाही त्याचा विचार कोण करणार?

शिवाय तुमच्या पाचरीची दुसरी बाजू तुम्ही सांगितली नाहीत. ६० अंशांच्या बिटने कोरलेली १ मिमी रुंदीची रेघ फक्त ०.८७ मिमी खोल असते. वरून अर्धा मिमी पॉलिश पेपरने गेला की तिची रुंदी ०.४२ वर येते. मांजराच्या मिशा काढल्यात आणि घासता घासता मांजर गुळगुळीत झालं, असं झालेलं पाहिलंय मी. सरळ कापलेलं जडाव घासून घासून अर्धं केलंत तरी चित्र तेच राहतं.

झेडशून्य

मिशांचं मान्य. १५ अंशांचं बिट वापरलं तर तेवढ्याच घासण्याने एकेका बाजूला फक्त ०.०७ मिमी जातं. पण त्याचं टोक इतकं नाजूक असतं की फळीत एक गाठ लागली की संपलं. हेही एक कसबच, कुठलं बिट कुठे.

करवतकाठी

दोघेही जुन्या लोकांबद्दल जरा स्वप्नात आहात, म्हणून मध्ये पडते. मी वीस वर्षं जाळीकामाच्या बारीक करवतीने मार्केट्री (लाकडाचे तुकडे जुळवून केलेलं चित्र) करतेय. मशीन माझ्याकडे नाही, घेणारही नाही.

पहिली गोष्ट, पाचर ही सीएनसीवाल्यांची नाही. आमच्याकडे दोन फळ्या एकावर एक ठेवून, करवतीचा टेबल तिरका करून, दोन्ही एकदम कापतात. खालचा किंवा वरचा तुकडा दुसऱ्यात ढकलला की करवतीच्या पात्याने खाल्लेली जागा भरून निघते. पातं ०.३ मिमी खात असेल आणि फळी ३ मिमीची असेल तर साधारण ६ अंश कल. थोडा कमी ठेवला तर तुकडा आरपार खाली जातो, जास्त ठेवला तर वरच अडकून बसतो. हे गणित मी सॉफ्टवेअरशिवाय शिकले, पण आहे ते गणितच.

दुसरी गोष्ट, रेषांशिवायचं जडाव हीन असं म्हणायचं असेल तर बूलचं काय करायचं? आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२), चौदाव्या लुईचा फर्निचर करणारा. तो पितळ आणि कासवाची ढाल एकावर एक ठेवून एकदमच कापायचा. त्यातून दोन चित्रं निघायची, एकात ढालीवर पितळ, दुसऱ्यात पितळेवर ढाल, आणि दोन्ही विकली जायची. पितळेला कुठे रेषे असतात? सावल्या वरून कोरून काढायचे. म्हणजे सपाट रंग, एका कापात दोन नग. उभी रेष, तुमच्या कसोटीवर हा माणूस नापास!

पण झेडशून्य, तुम्हीही लगेच खूश होऊ नका. सात प्लग फेकले हे तुम्ही कौतुकाने सांगता. आठव्याला फाईल तीच होती. माझा तुकडा फुकट गेला तर दुसरा कापताना हात वेगळा चालतो, आणि कधी कधी चुकून जास्त चांगला चालतो. तुमच्याकडे ती शक्यताच नाही.

उभी रेष

बूलचा मुद्दा लागला. विचार करतो. (पितळ घेतलं तर माझी काही तक्रार नाही असं म्हणून सुटता येईल, पण ती पळवाट होईल.)

डगमग

मी एरवी वाचतच असतो, आज लिहितोय. माझे हात कापतात, औषधाने थोडं कमी होतं पण जात नाही. करवत सोडाच, स्केचपेनने सरळ रेघ येत नाही. मशीन आल्यावर पहिल्यांदा मनातला आकार लाकडात उतरला तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच बराच वेळ बसून होतो. 'हात वेगळा चालतो' हे वाचलं. माझा रोजच वेगळा चालतो, करवतकाठीताई.

मात्र धागाकर्त्यांची रेषांबद्दलची तक्रार मला टोचली, कारण खरी आहे. माझ्या सगळ्या कामांत रेषे आडवेच आहेत. आज उठून बघितलं.

करवतकाठी

@डगमग, ते वाक्य मागे घेते. माझ्या डोक्यात माझेच हात होते.

नवशिक्या०७

माफ करा, वाद चांगला रंगलाय पण मला तातडीची मदत हवी आहे. आठ पाकळ्यांचं फूल, ६० अंश व्ही-बिट. खळग्याची खोली ४ मिमी. प्लगला स्टार्ट डेप्थ (प्लग खळग्यात किती आत जाणार) ४, फ्लॅट डेप्थ (त्याच्या वर किती उरणार) २. रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवलं, सकाळी कापून घासलं, तर फुलाच्या सगळ्या कडेने डिंकाची पिवळट रेघ. क्लॅम्प आणखी आवळायला हवे होते का? शिवाय काही पाकळ्यांची टोकंच गायब आहेत. झेड तीनदा तपासला.

झेडशून्य

क्लॅम्पचा दोष नाही. तुमचा प्लग ४ मिमी आत जाणार आणि खळगाही ४ मिमीच. मग डिंकाने जायचं कुठे? तो तळाशी अडकला आणि त्याने प्लग उचलून धरला. ०.३ मिमी जरी उचलला गेला तरी दोन्ही बाजूंनी ०.१७ ची फट पडते, आणि ती तुम्हाला दिसतेय. ट्रक उभा केला असता वर तरी बसला नसता. प्लग तळाला कधीच टेकता कामा नये, तो भिंतींवर टेकला पाहिजे. खळगा ५ करा, स्टार्ट डेप्थ ४ ठेवा, खाली १ मिमी पोकळी राहू दे. फ्लॅट डेप्थ २ बरोबर आहे, तेवढी वर करवत घालायला जागा राहते. खळग्याच्या कोपऱ्यात लाकडाचे तुसे राहिलेत का तेही ब्रशने बघा.

खात्री करायची असेल तर वाया गेलेलं फूल मधोमध कापा आणि छेद बघा. तळाशी डिंकाचा जाड थर दिसेल.

नवशिक्या०७

कापलं. तळाशी डिंक, अगदी काचेसारखा. धन्यवाद!! आणि टोकांचं काय?

उभी रेष

कुठल्या पाकळ्यांची टोकं गेली? आणि प्लगच्या फळीचे रेषे कुठल्या दिशेने होते?

नवशिक्या०७

रेषे आडवे. टोकं गेली ती वरच्या आणि खालच्या पाकळीची. तिरक्यांपैकी दोन अर्धवट. डाव्या-उजव्या एकदम शाबूत.

उभी रेष

😀 मी इतका वेळ सौंदर्यावर भाषण देत होतो आणि पुरावा इथे पडला होता. वरच्या पाकळीच्या टोकाला रेषे आडवे गेले. तिथे लाकूड म्हणजे अर्ध्या मिमीचे तुकडे शेजारी शेजारी उभे केलेले, बिटचा धक्का बसला की सुटणार. रेषे पाकळीच्या लांबीने असते तर टोक टिकलं असतं. वीनियरवाले रेषे फिरवतात ते फक्त दिसण्यासाठी नाही.

झेडशून्य

हे मात्र मानलं. मी आजवर अशा वेळी फीड (बिट सरकण्याचा वेग) कमी करायचो आणि बिट नवं लावायचो. दोष फळीत शोधला नव्हता.

@नवशिक्या०७, आठ प्लग वेगवेगळे कापत बसू नका, आठ वेळा जुळवाजुळव करावी लागेल. ४५ अंशांच्या आठ पाचरी कापा, प्रत्येकीचे रेषे मध्याकडून बाहेर. त्या चिकटवून एक तबकडी करा आणि तिच्यावर एकदाच प्लग कापा. फुलाचा मध्य तबकडीच्या मध्यावर आणि पाकळ्या पाचरींच्या मध्यरेषेवर आल्या पाहिजेत, तेवढं सांभाळा. मध्यभागी टोकं नीट भेटत नाहीत, तिथे गडद लाकडाचा गोल बसवा म्हणजे प्रश्न मिटला.

भुशातला

म्हणजे मशीनच्या एका कापासाठी हाताने सोळा कडा तासायच्या. छान.

नवशिक्या०७

पाचरी कापल्या, सगळ्या कोरड्याच जुळवून बघितल्या. शेवटच्या दोघींमध्ये मोठं भगदाड. कोन तर २२.५ वरच लावला होता.

करवतकाठी

कड अर्ध्या अंशाने चुकली तर सोळा कडांचे मिळून आठ अंश होतात, म्हणून. आठही एकदम चिकटवू नका. चार-चार चिकटवून दोन अर्धी करा. वाळली की दोन्ही अर्ध्यांच्या सरळ कडा रंध्याने सपाट करा आणि मगच एकमेकांना लावा. साचलेली चूक त्या एका सांध्यात निघून जाते. रंधा नसेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासा. डगमग, हे तुम्हालाही जमेल, काच हलत नाही.

डगमग

काच आहे. उद्या बघतो.