एचपीव्ही लस: एक डोस पुरतो, आता वाट कसली बघायची?

मेधा_पुणे: एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा एकच डोस पुरतो, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याकडचाच आहे. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने भारतात चाचणी सुरू केली. बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रं. तुलना होणार होती दोन आणि तीन डोसांची. पण तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि वडोदऱ्यातल्या दुसऱ्याच लसप्रकल्पावरून वाद पेटला, एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणं थांबवलं आणि ४,९५० मुली एका डोसावर राहिल्या. संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षं त्यांची तपासणी केली. २०२१ चा निष्कर्ष असा: या कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत असलेल्या विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचा चिवट, म्हणजे बराच काळ टिकणारा संसर्ग एका डोसाने ९५.४ टक्के टळला, म्हणजे तीन डोसांइतकाच. मग सरसकट सगळ्या मुलींना द्या ना!

दत्ता_सोलापूर: एक डोस कोणाला, हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. लस न घेतलेल्या बायकाही तुलनेसाठी नंतर निवडल्या. शिवाय मोजला तो संसर्ग. कर्करोग व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. आणि खम्मममध्ये वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या, ते विसरायचं?

मेधा_पुणे: विसरू नयेच. सही आईबापांचीच हवी, तीही नीट समजावून सांगितल्यावर. पण केनियात चिठ्ठ्या टाकूनच चाचणी झाली. दीड वर्षानंतर तिथे एका डोसाने त्याच दोन प्रकारांच्या संसर्गापासून ९७.५ टक्के संरक्षण दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही नऊ ते वीस वर्षांच्या मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. कर्करोग दिसेपर्यंत थांबलो तर आजच्या दहा वर्षांच्या मुलीचं काय?

सिस्टर_लता: आणि तिच्या आईचं? उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, म्हणजे गर्भाशयमुखात हा विषाणू आहे का हे पाहिल्याने, आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे छापून आलं २००९ मध्ये! तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिशी ते पन्नाशीतल्या शंभरातल्या दोघींचीही या कर्करोगासाठी तपासणी झालेली नव्हती. लस द्याच, पण चाळिशीच्या बाईला तिचा उपयोग फारसा नाही. तिला तपासणीच हवी.

दत्ता_सोलापूर: त्याच अभ्यासात ३१ हजारांवर बायका तपासणीविना ठेवल्या होत्या, त्यांतल्या ६४ जणी या कर्करोगाने गेल्या. संशोधन आपल्या बायकांवर होतं आणि त्याचा लाभ त्यांच्या गावी पोहोचत नाही, माझा राग त्यावर आहे. लशीला विरोध नाही. बार्शीच्या आसपासच्या गावांत आधी तपासणी सुरू करा, मग डोसांचं बोलू.

सिस्टर_लता: 'आधी' कशाला? एकाच दिवशी करू. मुलीला लस, आईची तपासणी.