मदत हवी आहे: ज्या रेल्वे अपघातांनंतर नियम बदलले, त्यांची माहिती

नमस्कार. जुन्या रेल्वे अपघातांवर लिहितोय. मृतांचे आकडे मांडण्यापेक्षा पुढे काय सुधारलं, ते सांगायचंय.

आयर्लंडमधलं आर्मा, १२ जून १८८९. सहलीची गाडी चढावर अडली, म्हणून मागचे डबे सोडवले. डबे सुटताच त्यांचे व्हॅक्यूम ब्रेक (इंजिनातून नळीतली हवा ओढून लावायचे ब्रेक) निकामी झाले. चाकांखाली लावलेले दगड चिरडत ते उताराने मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले, त्यात कितीतरी मुलं! त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना, डबे सुटले तरी आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. हे आधीच व्हायला हवं होतं.

अमेरिका, जपान, जर्मनीतली अशी उदाहरणं कुणी सांगेल का? मूळ चौकशी अहवाल कुठे वाचायला मिळतील? ब्रेक आणि सिग्नलबद्दलचे आधी हवेत.