ऑक्सिजन अणू + इथिलीन: वेग-स्थिरांक दुप्पट येतोय, तेलामुळे का?

रावेरची लेक
नमस्कार. मी जळगावला पीएच.डी. करते. आमचं घर केळीवाल्यांचं, त्यामुळे इथिलीन लहानपणापासून रायपनिंग चेंबरमधला गॅस म्हणूनच माहीत. आता तोच ऑक्सिजन अणूंशी किती वेगाने अभिक्रिया करतो ते मोजतेय. काचेच्या नळीत २ टॉर (दाबाचं एकक) हेलियम, सेकंदाला १० मीटर वेग, म्हणजे दर सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. थोडा नायट्रिक ऑक्साइड सोडून येणारा हिरवट-पिवळा उजेड फोटोमल्टिप्लायरने (मंद उजेड मोजणाऱ्या नळीने) वाचते; त्यावरून अणू किती उरले ते कळतं. इथिलीन ऑक्सिजन अणूंच्या २५ पट ठेवलंय. अणूंच्या ऱ्हासाचा वेग विरुद्ध इथिलीन हा आलेख अगदी सरळ, पण उतार, म्हणजेच वेग-स्थिरांक, १.४ × १०^-१२ घन सेंमी प्रति रेणू प्रति सेकंद! संदर्भमूल्य ७.३ × १०^-१३ च्या आसपास आहे. त्यात गेल्या महिन्यात लाइट गेली, पंप थांबला आणि तेल उलटं नळीत शिरलं. तेव्हापासून इथिलीन बंद असतानाही अणूंचा ऱ्हास सेकंदाला १२ वरून ४५ वर गेलाय. सगळं तेलानेच बिघडवलं का?

धुळेकर
ताई, खोलीचं तापमान किती? मे महिन्यात आमची लॅब ४० च्या पुढे जाते. फ्लोमीटर २५ अंशांना कॅलिब्रेट केला असेल तर आकडे सरकतात.

भुसावळचे सर
तापमानाने थोडा फरक पडेल, दुप्पट नाही पडणार.

बेटा, दोन दुखणी वेगळी कर. तेल म्हणजे हायड्रोकार्बनच. भिंतीवर त्याचा थर बसला की अणू खातो, पण इथिलीन कितीही असो, तेवढेच खातो. म्हणून आलेख वर सरकतो, उतार बदलत नाही. नळी काढ, विद्रावकाने नीट धू, पातळ फॉस्फोरिक आम्लाचा हात फिरव, निर्वातात सुकव. आणि लाइट गेल्यावर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आधी बसव.

उताराचं कारण मिथिल. ऑक्सिजन अणू इथिलीनला भिडला की बऱ्याचदा मिथिल आणि फॉर्मिल हे दोन चपळ तुकडे तयार होतात. मिथिल दुसऱ्या ऑक्सिजन अणूवर इथिलीनपेक्षा दीडशेपट वेगाने झडप घालतं. एका धडकेत दोन अणू जातात आणि तू ते एकाच खात्यात मांडतेस. आलेख सरळ आला म्हणून तो खरा, असं धरू नकोस; मीही पहिल्या वर्षी तेच धरलं होतं. २५ पट इथिलीन प्रथम कोटीला (इथिलीन जवळजवळ न घटता आलेख सरळ यायला) पुरतं, मिथिलला आवरायला नाही.

आणि २५ पट हे ठरवलंस कशावरून? अणू मोजायला नायट्रोजनच्या डिस्चार्जमध्ये (विजेने अणूंत फोडलेल्या नायट्रोजनमध्ये) नायट्रिक ऑक्साइड हळूहळू सोड. खोलीत पूर्ण अंधार कर. आधी पिवळट-नारिंगी उजेड दिसेल, मग निळा होत जाईल, आणि एका क्षणी नळी काळी पडेल. अजून जरासं सोडलंस की हिरवट-पिवळी. काळी पडली त्या क्षणी जेवढा नायट्रिक ऑक्साइड जात होता, तेवढेच ऑक्सिजन अणू. आधी डोळे दहा मिनिटं अंधाराला सरावू दे, घाई केलीस तर तो क्षण हुकतो.

मग इथिलीन तेवढंच ठेवून अणू निम्मे कर. उतार घसरला, तर मिथिलच.

रावेरची लेक
सर, नळी धुतली, ऱ्हास १४ वर आला. उतार मात्र जिथल्या तिथे. तुम्ही सांगितलेलं नायट्रिक ऑक्साइडचं टायट्रेशन केलं तर इथिलीन २५ नव्हे, जेमतेम ११ पट निघालं. अणू चौथा हिस्सा केले: उतार १.० × १०^-१२.

भुसावळचे सर
छान. आता आणखी कमी करत जा आणि उतार विरुद्ध अणूंची संख्या असा आलेख काढ. शून्याकडे नेल्यावर जे येईल ते लिही. उजेड फार मंदावला तर रेझोनन्स फ्लुरोसन्सकडे (अणूंवर त्यांच्याच तरंगलांबीचा प्रकाश टाकून परत येणारा उजेड मोजण्याकडे) वळावं लागेल, १३० नॅनोमीटरच्या अतिनील रेषा. खिडकी मॅग्नेशियम फ्लोराइडची घे, साधी काच तो प्रकाश सोडत नाही.