मदत हवी: फिरत्या घरावर सीबी रेडिओचा अँटेना बसवला, पण आवाज लांब जात नाही (शनिवारी निघायचंय)

जांबोटीवाला
नमस्कार मंडळी. गाडीवर सीबी (सिटिझन्स बँड, गाडीतून गाडीशी बोलायचा) रेडिओ बसवलाय, अँटेना पण बसवलाय. बोललं तर शेजारच्या शेतापलीकडं आवाज जात नाही. सगळं नवीन आहे. शनिवारी पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला निघणार, मागनं मेव्हण्यांची बोलेरो. कणकुंबी सोडली की मोबाईलचा भरवसा नाही, तुम्हाला माहीतच आहे. वायर बदलू का अँटेना बदलू? लवकर सांगा.

उद्यमबाग_फिटर
अण्णा, गाडी कुठली? अँटेना कसला, कुठं लावलाय? केबल किती? बॅटरी १२ व्होल्ट का २४? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार ओ.

जांबोटीवाला
ट्रॅव्हलर आहे, पाठीमागं घर बांधून घेतलंय. अँटेना रेडिओबरोबरच आला. वायरिंग इलेक्ट्रिशियननं केलंय, ते बरोबर आहे. वायर का अँटेना, एवढंच विचारतोय.

चंदगडी_गडी
सीबीच्या नादाला लागू नका राव. ४४६ मेगाहर्ट्झवाल्या वॉकीटॉकीची जोडी घ्या. २०१८ पासून त्याला लायसन नाही. आम्ही आंबोलीत तेच वापरतो. अँटेना नको, भोक पाडणं नको, काही नको.

सिग्नलकाका
आंबोलीत दोन गाड्या एकमेकींच्या बुडाला लागून चालल्या तर वॉकीटॉकी कशाला, खिडकीतून हाक मारली तरी पुरते. ४४६ ला मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. खरा मार्ग हॅमचाच, म्हणजे परवाना घेऊन करायच्या हौशी रेडिओचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा द्या, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) मिळतो, मग १४५ मेगाहर्ट्झवर ऐटीत बोला. आयुष्यभराचा छंद लागेल.

चंदगडी_गडी
काका, ते शनिवारी निघालेत. परीक्षा कधी देणार? आणि मेव्हण्यांनी पण द्यायची काय?

सिग्नलकाका
दोघांनीही द्यायची. त्यात विनोद करण्यासारखं काही नाही.
सीबीबद्दल विचारलंच आहे तर, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॉटपर्यंत परवाना लागत नाही, २००५ पासून. मात्र बाहेरून आलेल्या ४० चॅनेलच्या सेटचा शेवटचा चॅनेल २७.४०५ वर असतो, म्हणजे आपल्या हद्दीबाहेर. चॅनेल २७ पर्यंतच राहा. २८ वा २७.२८५ वर आहे, थोडक्यासाठी बाहेर पडतो.

खानापूर_लाईन
आरसी बुकात बदल करून घेतलाय काय? घर बांधलं म्हणजे गाडीचा वर्ग मोटर कॅरव्हॅन लागतो. विम्याला अडवतात नंतर.

जांबोटीवाला
आरसीचं नंतर बघू. अँटेनाचं सांगा की ओ कुणीतरी.

उद्यमबाग_फिटर
सांगतो, पण छत कशाचं आहे ते तरी बोला. पत्रा का फायबर?

जांबोटीवाला
फायबर. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग काढलाय, तो पण फायबरचाच. अँटेना बरोबर मध्यावर आहे. मॅग्नेटचा बेस होता, पण चिकटेना, म्हणून खाली एमसील भरून बसवला. हलत नाही, लई घट्ट बसलाय.

उद्यमबाग_फिटर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं की!
मॅग्नेट चिकटेना म्हणजे खाली लोखंड नाही, आणि तुमचं दुखणं तिथंच आहे. बघा, २७ मेगाहर्ट्झची लाट साधारण ११ मीटरची, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. तुमचा दांडा मीटरभर असेल, त्यात कॉइल गुंडाळून ती लांबी भरून काढलेली असते. पण दांडा म्हणजे निम्माच अँटेना. उरलेला निम्मा म्हणजे खालचा पत्रा. फायबरवर तो निम्मा नाहीच. मग पॉवर बाहेर जायच्या ऐवजी केबलमधनं सेटकडं परत येते. वायर बदलून काय होणार?
आणि आता माईकचं बटण दाबू नका. एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं बरं) ३ च्या वर असेल तर सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाईल. मीटर माझ्याकडं आहे, दुकानातनं घेऊन जा.

सिग्नलकाका
बरोबर. उपाय म्हणजे ग्राउंड प्लेन, म्हणजे खालचा पत्रा, न लागणारा अँटेना, बोटी आणि फायबरच्या गाड्यांसाठी असतो तो. त्याची केबल ठरावीक लांबीची येते, जास्त झाली म्हणून कापायची नाही.

उद्यमबाग_फिटर
काका, तो शनिवारच्या आत बेळगावात कोण आणून देणार? पलंगाच्या गादीखाली आतल्या बाजूनं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा लावा. मीटरभर चौरस तरी, जेवढा मोठा तेवढा बरा. अँटेना त्याच्या मध्यावर.

चंदगडी_गडी
ॲल्युमिनियम घाला की, हलकं पडतं.

उद्यमबाग_फिटर
ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटतो काय? त्याला भोक पाडून बोल्टचा बेस लागतो. मग पावसात गळती, परत आमच्याकडंच येणार.

सिग्नलकाका
विजेच्या दृष्टीने ॲल्युमिनियमच उत्तम. पण यांचा बेस मॅग्नेटचा आहे, तेव्हा जीआय. मात्र मध्ये फायबरची जाडी असताना मॅग्नेट आतल्या पत्र्याला धरेल का? आणि बेस पत्र्यापासून जितका लांब तितकी जोडणी कच्ची.

उद्यमबाग_फिटर
हां, ते खरं आहे. जांबोटीवाले, पत्रा राहू दे. ट्रॅव्हलरचं बॉनेट पत्र्याचं आहे ना? एमसील काढून अँटेना बॉनेटच्या डाव्या कडेला ठेवा, रस्ता बघताना आड येणार नाही असा. मागनं येणारी बोलेरो ऐकायला ते चांगलंच. जिकडं जास्त पत्रा तिकडं जोर जातो, आणि तुमच्या केबिनचा पत्रा मागच्याच अंगाला आहे. झाडाच्या फांद्या पण वाचल्या. जांबोटीच्या पुढं डहाळ्या किती खाली येतात बघितलंय ना.

वडगावची_मावशी
एमसील काढताना हेअर ड्रायरनं गरम करा, नाहीतर फायबरचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) निघून येतो. आमच्या पाण्याच्या टाकीला असंच झालं. टाकीचं झाकण कुठं मिळतं कुणाला माहीत आहे का?

चंदगडी_गडी
एक राहिलं. मेव्हण्यांकडं सेट कुठला?

जांबोटीवाला
हातात धरायचा. लहान रबरी अँटेनावाला.

चंदगडी_गडी
आणि काचा लावून एसीत बसत असतील.

जांबोटीवाला
मग काय, उन्हात उघड्यावर बसणार काय ते?

सिग्नलकाका
अर्धा प्रश्न तिथे आहे. पत्र्याच्या गाडीत आत बसून रबरी अँटेनावर २७ मेगाहर्ट्झ किती जाणार? बोलेरोचं छत पोलादी आहे, मॅग्नेटचा अँटेना खरं तर तिथेच शोभतो. त्यांच्या हातसेटला बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट आहे का बघा.

जांबोटीवाला
सॉकेट आहे. पण गाडी नवी आहे, रंगाला ओरखडा नको म्हणून दोन दिवस भांडतील मेव्हणे.

उद्यमबाग_फिटर
खाली पातळ प्लास्टिकचा कागद घाला. तेवढ्यानं मॅग्नेटला काही होत नाही. दुसरा मॅग्नेट बेस माझ्याकडं पडून आहे, दोन्ही एकदमच घेऊन जा.
जुळवायचं असं: गाडी मोकळ्या जागेत, दारं बंद, अँटेनाजवळ कोण उभं राहायचं नाही. बटण थोडकंच दाबून चॅनेल १ आणि २७ वर मीटर बघा. २७ ला आकडा मोठा आला तर दांडा लांब आहे, थोडा खाली घ्या. १ ला मोठा आला तर आखूड आहे, वर काढा. दीडच्या आसपास आलं की हात काढा.

जांबोटीवाला (शुक्रवार रात्र)
फिटरअण्णा, बॉनेटवर ठेवला, पिरनवाडीच्या पुढं मोकळ्यात जाऊन जुळवला. १ वर १.६, २७ वर १.४. मेव्हण्यांचा पण छतावर गेला, प्लास्टिक घालून. आता बोलणं नीट ऐकू येतंय. पण आमच्या बाजूला सारखी घरघर, मेव्हणे लांब गेले की आवाज त्यात बुडतो.

सिग्नलकाका
छतावर सोलर आहे का?

जांबोटीवाला
आहे की. इन्व्हर्टर पण आहे.

सिग्नलकाका
हेही आत्ता सांगताय! चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर, दोन्ही आवाज करतात. एकेक बंद करून बघा, कुठला आहे ते कळेल. रेडिओची वायर घराच्या बॅटरीला न जोडता थेट गाडीच्या बॅटरीला न्या, दोन्ही तारांवर फ्यूज घालून.

जांबोटीवाला
इन्व्हर्टर बंद केला की घरघर गेली. घाट उतरेपर्यंत बंदच ठेवतो, फ्रिज बंद राहील तेवढा. वायरचं परत आल्यावर.

उद्यमबाग_फिटर
१.६ आहे तसंच असू दे, आता छेडू नका. मीटर सोमवारी आणून द्या, दुसऱ्या एकाला हवाय.

खानापूर_लाईन
आरसीचं राहिलंच.