मदत हवी आहे: ग्रीलवरचा फुलपाखराचा कोष हलवता येतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदिरानगरला राहतो, नाशिक. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अळ्या झाल्या होत्या, आधी अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसायच्या, मग कात टाकत टाकत मस्त हिरव्यागार झाल्या आणि जरा हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगं काढून असला घाण वास सोडायच्या! सासूबाई म्हणाल्या फेकून दे, पण मुलीने झाडच अडवून धरलं, कढीपत्त्याचं काय व्हायचं ते झालंच 😄

आता त्यातली एक अळी झाड सोडून थेट ग्रीलवर जाऊन कोष करून बसलीये. शेपटीकडून चिकटलीये आणि कमरेला बारीक रेशमाचा धागा बांधून घेतलाय. प्रॉब्लेम असा की रविवारी सोसायटीचा पेंटर ग्रील रंगवायला येतोय आणि तो काही थांबणार नाही.

धागा न तुटता कोष काढता येतो का, ब्लेडने खालचं रेशीम खरवडून? नंतर तो काडीला उभाच बांधायचा की आडवा ठेवला तरी चालतो? पंख वाळायला लटकायला जागा लागते एवढं माहितीये. आणि थंडीत फुलपाखरू बाहेर यायला उशीर होतो म्हणतात, मग घरात उबेला ठेवू की बाहेरच बरं?

कोणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.