सरवा : दान की हक्क?

प्रश्न : मराठी बायबलात रूथच्या गोष्टीत ‘सरवा वेचणे’ येतं. सरवा ठेवणं म्हणजे दानधर्मच ना?

उत्तर : कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या लोंब्या, कणसं, शेंगा म्हणजे सरवा. पण त्याला दानधर्म म्हणायला मी कचरेन. बायबलातल्या ‘लेवीय’ या पुस्तकात (19:9-10, म्हणजे अध्याय 19, वचनं 9-10) शेतमालकाला ताकीद आहे : शेताचे कोपरे कापू नकोस, पडलेलं वेचू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं. ‘अनुवाद’ या बायबलातल्याच पुस्तकाचा 24वा अध्याय तर पुढे जातो. पेंढी शेतात विसरलास तर आणायला माघारी फिरू नकोस, ऑलिव्हचं झाड एकदा झोडपलंस की पुन्हा फांद्यांना हात लावू नकोस. म्हणजे मालकानं द्यायचं असं काही नाहीच, नुसतं घ्यायचं थांबायचं. एरवी कंजूषपणाचं लक्षण असलेलं ‘हात आखडता घेणं’ इथे पुण्याचं ठरतं!

रूथ मवाबी, परकी, वर विधवा. तिनं वेचलेला सरवा कायद्यानंच तिचा. शेताचा मालक बवाज, त्यानं कापणाऱ्यांना ‘पेंढ्यांतून मुद्दाम थोडं उपसून टाका’ म्हणून सांगितलं, ते मात्र त्याचं औदार्य.

प्रतिसाद : पण बायबलातच, मत्तयच्या शुभवर्तमानात (6:2), ‘दानधर्म’ हा शब्द आहेच की.

उत्तर : आहे, पण त्याच्या आधीच्याच वचनात ‘धर्माचरण’ आहे. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ नीतिमत्त्व, न्यायीपणा. दानधर्माच्या ग्रीक शब्दाचं मूळ मात्र दयेत. हिब्रू ‘सदाका’ मूळचा न्यायीपणा, पुढे दानालाही तोच शब्द रूढ झाला. आपला ‘धर्म’ तसाच ऐसपैस : ‘धर्म करा माय’ म्हणणाऱ्यापासून धर्मादाय आयुक्तांपर्यंत सगळे त्यात मावतात. म्हणून ‘दानधर्म’ वाचताना दुसऱ्या अर्ध्यावर जोर द्यावा, असं माझं मत.

चौथ्या शतकातल्या धर्मगुरूंनी तो दिलाच होता. कैसरियाचा बिशप बेसिल, कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंताच्या, येशूनं सांगितलेल्या बोधकथेवर बोलताना, सांगतो की तू दडवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा. मिलानच्या अँब्रोजचं म्हणणं तर असं की गरिबाला देतोस ते तुझं नव्हेच, त्याचंच त्याला परत करतोस.

प्रतिसाद : मग कामवाल्या मावशींना दिवाळीत जुने कपडे दिले, तर तो सरवा?

उत्तर : नाही हो. त्यांचा पगार वेळेवर झालाय ना, ते आधी बघा. रोजंदाराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नकोस, हे लेवीय 19:13 मध्ये आहे, सरव्याच्या नियमानंतर तिसऱ्याच वचनात.